आनंदीबाईंच्या सहाध्यायिनींचे पुढे काय झाले

महाविद्यालय सोडून गेलेल्या सोबत्यांचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याची ओढ साधारणपणे जिव्हाळ्यापोटी असते. परंतु एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत एक महाविद्यालय असे होते, की ज्याच्या दृष्टीने माजी विद्यार्थिनींची खबरबात हा केवळ स्नेहाचा नव्हे, तर संस्थेच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. फिलाडेल्फिया शहरात १८५० मध्ये स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठी स्थापन झालेले आणि १८६७ पासून ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले हे महाविद्यालय मराठी वाचकाला परिचित आहे ते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यामुळे. आनंदीबाई तिथे गेल्या, शिकल्या, पदवी घेऊन परतल्या आणि वर्ष उलटण्याआधी निवर्तल्या, एवढी कथा महाराष्ट्राने जिव्हाळ्याने जपली आहे. मात्र त्याच इमारतीत, त्याच अध्यापकांच्या हाताखाली शिकलेल्या इतर तरुणींची पुढील आयुष्ये मराठीत क्वचितच सांगितली गेली, आणि ती शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज आनंदीबाईंच्या पदवीचा पुरता अर्थ लागत नाही.

या महाविद्यालयाच्या वाटेवर पहिल्या दिवसापासून काटे होते. फिलाडेल्फियाच्या स्थानिक वैद्यक मंडळाने १८५८ मध्ये ठराव करून आपल्या सभासदांना तिथे शिकवण्यास आणि तिथल्या पदवीधर स्त्रियांशी रुग्णांबाबत सल्लामसलत करण्यास मज्जाव केला होता. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये या विद्यार्थिनी ‘पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल’मध्ये प्रत्यक्ष रुग्णांवरील व्याख्यान ऐकण्यास गेल्या, तेव्हा तिथे जमलेल्या पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांची हुर्यो उडवली आणि ते प्रकरण वृत्तपत्रांत बरेच दिवस गाजले. विरोधकांचा मुख्य युक्तिवाद बुद्धीविषयी नव्हता, कारण परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलींसमोर तो टिकत नव्हता. तो होता पुढच्या आयुष्याविषयी. मुली शिकतील, पण लग्न होताच व्यवसाय सोडतील, रात्रीअपरात्रीच्या धावपळीने त्यांची प्रकृती ढासळेल, रुग्ण त्यांच्याकडे फिरकणार नाहीत आणि त्यांच्या शिक्षणावर झालेला खर्च वाया जाईल, असे म्हटले जात होते. या आक्षेपांचे उत्तर वर्गात देता येण्यासारखे नव्हते. ते पदवी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या दहा-वीस वर्षांनंतरच्या हकिकतींतूनच मिळू शकत होते.

रेचेल बॉडली यांनी ही गोष्ट ओळखली. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका. १८७४ पासून त्या महाविद्यालयाच्या डीन, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुख होत्या, आणि आनंदीबाईंना प्रवेश देऊन त्यांच्या शिक्षणखर्चाची व्यवस्था करणाऱ्या त्याच. १८८१ मध्ये बॉडली यांनी हयात असलेल्या सर्व माजी विद्यार्थिनींना एक प्रश्नावली पाठवली. तुम्ही वैद्यकी करता का, कोणत्या शाखेत करता, एखाद्या रुग्णालयात नेमणूक आहे का, उत्पन्न किती मिळते, समाजात मान कसा आहे, आणि या व्यवसायाचा पत्नी व माता म्हणून तुमच्या संसारावर काय परिणाम झाला, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत होते. बहुतेकींनी उत्तरे पाठवली, त्यांतल्या फार मोठ्या संख्येने आपण प्रत्यक्ष व्यवसायात असल्याचे कळवले, आणि संसाराची हानी झाल्याचा जो बोभाटा होता त्याला त्या उत्तरांत आधार सापडला नाही. बॉडली यांनी हे निष्कर्ष पदवीदान प्रसंगीच्या भाषणात मांडले आणि ते छापूनही काढले. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचे फलित मोजण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत या पाहणीची गणना करावी लागते, आणि तिच्यामागची दृष्टी आजही आदराने पाहावी अशी आहे, कारण ‘आमच्या मुली हुशार आहेत’ असे सांगत बसण्याऐवजी बॉडली यांनी त्या मुलींनाच त्यांच्या आयुष्याविषयी विचारले.

माजी विद्यार्थिनींचा संघ १८७५ मध्येच स्थापन झाला होता. अशा संघासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘अ‍ॅलम्नी’ हा शब्द मुळात लॅटिन असून त्याचा धात्वर्थ ‘पोसणे’ असा आहे. ज्यांना संस्थेने पोसले ते तिचे अ‍ॅलम्नी, म्हणजे जवळजवळ मानसपुत्र आणि मानसकन्या. या संघाच्या वार्षिक सभांची इतिवृत्ते छापली जात, आणि त्यांत सभासदांच्या नव्या नेमणुका, परदेशातील कामाचे वृत्तांत, रुग्णांवरील निबंध आणि दिवंगत सभासदांची नोंद असे. १८६९ च्या तुकडीतील क्लारा स्वेन १८७० मध्येच वैद्यकीय कामासाठी बरेलीला पोहोचल्या होत्या, आणि पुढे १८७९ च्या तुकडीतील अ‍ॅना कुगलर यांनी आंध्रातल्या गुंटूर येथे काम सुरू करून १८९८ मध्ये तिथे रुग्णालय उघडले. म्हणजे आनंदीबाई १८८३ मध्ये फिलाडेल्फियात दाखल झाल्या, तेव्हा हिंदुस्थानच्या बातम्या त्या महाविद्यालयाला नव्या नव्हत्या. नवी होती ती हिंदुस्थानातून स्वतः शिकायला आलेली मुलगी.

आनंदीबाईंच्या सहाध्यायिनींचा विषय निघाला, की एक छायाचित्र आठवावे लागते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी डीन बॉडली यांनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळी ते काढलेले असून त्यात आपापल्या देशाच्या पोशाखातील तीन तरुणी दिसतात: साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केइको ओकामी आणि दमास्कसहून आलेल्या सबात इस्लामबुली. हे चित्र अलीकडे फार पसरले आहे आणि त्याबरोबर एक गैरसमजही पसरला आहे, तो असा की या तिघी एकाच तुकडीच्या होत्या व एकाच वेळी डॉक्टर झाल्या. वस्तुस्थिती वेगळी आहे. आनंदीबाईंनी पदवी घेतली ती ११ मार्च १८८६ रोजी, ओकामी यांनी १८८९ मध्ये आणि इस्लामबुली यांनी १८९० मध्ये. छायाचित्राच्या परिचित प्रतीखाली तिघींच्याही नावांआधी ‘डॉक्टर’ अशी उपाधी आहे, त्याअर्थी त्या ओळी चित्र काढल्यानंतर काही वर्षांनी घातल्या गेल्या असल्या पाहिजेत. त्याच ओळींत ‘सबात’चे ‘तबात’ झाले आहे आणि आनंदीबाईंच्या श्रीरामपूरचे, म्हणजे त्यांचे पती गोपाळराव जिथे टपालखात्यात नोकरीला होते त्या बंगालमधील सेरामपूरचे, नावही ओळखू येणार नाही इतके बिघडले आहे. ज्यांची आठवण राहावी म्हणून चित्र जपले, त्यांची नावेही धड टिकली नाहीत, ही गोष्ट मनाला लागते.

आनंदीबाईंचा जीवनक्रम इथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीपर्यंत आणि पुढे २०१९ च्या चित्रपटापर्यंत तो मराठी घरांत पोहोचला आहे. ध्यानात घेण्याजोगी बाब ही, की त्यांच्या मृत्यूची बातमी फिलाडेल्फियाला पोहोचल्यावर तिचे काय झाले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती, परंतु क्षयाने जर्जर झालेल्या आनंदीबाई तिथे रुजू होऊच शकल्या नाहीत आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. माजी विद्यार्थिनींच्या यशाचे दाखले गोळा करणाऱ्या बॉडली यांच्यापुढे असे आयुष्य आले, की ज्यात व्यवसायाचा एक दिवसही नव्हता. विरोधकांच्या मोजपट्टीने पाहिले, तर ती पदवी वायाच गेली असे म्हणता आले असते. बॉडली यांनी ती मोजपट्टी मानली नाही. पंडिता रमाबाई आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस आल्या होत्या आणि तिथेच राहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहीत होत्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाला बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपल्या दिवंगत विद्यार्थिनीविषयी लिहिले. त्या पुस्तकाने आणि रमाबाईंच्या व्याख्यानांनी अमेरिकेत जो निधी उभा राहिला, त्यातून मुंबईत विधवा मुलींसाठी ‘शारदा सदन’ उघडले. त्याची तारीख होती ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. स्वतः बॉडली हे पाहण्यास राहिल्या नाहीत; १८८८ च्या जूनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेत त्यांना लेकीसारखे सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

केइको ओकामी यांचे आयुष्य याच्या अगदी उलट, दीर्घ होते. १८५९ मध्ये जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतात जन्मलेल्या केइको योकोहामाच्या मिशनरी शाळेत शिकल्या, काही काळ त्यांनी इंग्रजी शिकवले आणि विवाहानंतर त्या पतीच्या पाठोपाठ अमेरिकेस गेल्या. त्या परतल्या तेव्हा जपानमध्ये स्त्रियांना वैद्यकाचा परवाना मिळणे नुकते कोठे सुरू झाले होते. ओगिनो गिंको यांना तो १८८५ मध्ये मिळाला होता. पाश्चात्त्य विद्यापीठीय पद्धतीची वैद्यकीय पदवी परदेशात जाऊन मिळवणाऱ्या ओकामी या पहिल्या जपानी स्त्री मानल्या जातात. त्यांना टोकियोच्या जिकेई रुग्णालयात बोलावून घेतले ते ताकागी कानेहिरो यांनी, म्हणजे जपानी नौदलातील बेरीबेरी या प्राणघातक रोगाचा संबंध आहाराशी आहे हे दाखवून खलाशांच्या जेवणात बदल घडवून आणणाऱ्या वैद्याने. एवढ्या मोठ्या माणसाचा पाठिंबा असूनही ओकामी यांची नोकरी तीन वर्षेच टिकली. सम्राट मेइजी यांच्या रुग्णालयभेटीच्या प्रसंगी केवळ स्त्री असल्याच्या कारणाने त्यांना दूर ठेवण्यात आले आणि म्हणून त्यांनी १८९२ मध्ये राजीनामा दिला, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. पुढे त्यांनी टोकियोतील आकासाका भागात राहत्या घरी दवाखाना चालवला, मुलींच्या शाळेत उपमुख्याध्यापिकेचे काम केले, १८९७ मध्ये आजारी स्त्रियांसाठी एक लहान रुग्णालय आणि त्याला जोडून परिचारिकांची शाळा उघडली. ते रुग्णालय नऊ वर्षांनी बंद करावे लागले, कारण रुग्ण थोडे येत आणि त्यांतही परदेशी मिशनरी स्त्रियांचाच भरणा अधिक असे. त्यानंतर स्तनाच्या कर्करोगामुळे त्यांनी व्यवसाय थांबवला, तरी त्या पुढे पुष्कळ जगल्या आणि २ सप्टेंबर १९४१ रोजी वारल्या.

रुग्णालयाला रुग्ण न मिळणे, या एका वाक्यात सामावणाऱ्या नोंदीकडे वाचकाने थोडे थांबून पाहावे. स्त्री डॉक्टर नसल्यामुळे स्त्रिया उपचारावाचून मरतात, या कळकळीतून आनंदीबाई वैद्यकाकडे वळल्या होत्या; अवघ्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याची व्यथा त्यामागे होती. परंतु स्त्री डॉक्टर उपलब्ध झाली, की स्त्रिया आपोआप तिच्याकडे येतील, हे गृहीत धरता येत नव्हते. ती परक्या देशात शिकलेली, परक्या धर्माच्या सहवासात वावरलेली असेल, तर शेजारपाजारच्या बायकांना ती आपली वाटावी यासाठी पदवीपेक्षा निराळे काही लागत होते. आनंदीबाई अमेरिकेत हिंदू धर्म, शाकाहार आणि साडी कटाक्षाने सांभाळत होत्या, ते केवळ गोपाळरावांच्या धाकामुळे किंवा कर्मठपणामुळे, असे मानण्याचा मोह होतो. ओकामी यांचा अनुभव शेजारी ठेवला, तर त्या आग्रहामागे पुढच्या रुग्णांचा विचारही असावा, असे म्हणण्यास जागा उरते.

ओकामी यांच्याच, १८८९ च्या तुकडीत सुझन ला फ्लेश होत्या. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा जमातीत, आजच्या नेब्रास्का राज्यात, त्यांचा जन्म झाला तो १८६५ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्याच वर्षी. त्या महाविद्यालयात आल्या १८८६ च्या शरद ऋतूत, जेव्हा आनंदीबाई परतीच्या प्रवासाला निघाल्या होत्या. तेव्हा या दोघी बरोबरीने शिकल्या नाहीत. तरी साम्ये विलक्षण आहेत. सुझन यांच्या वडिलांनी, जमातीच्या प्रमुखांनी, मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. शिक्षणाचा खर्च स्त्रियांच्या एका मंडळाने उचलला आणि त्या बदल्यात शिक्षण संपल्यावरही काही काळ अविवाहित राहण्याची अट घातली. १४ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदा सदन उघडल्यानंतर तीनच दिवसांनी, त्या आपल्या तुकडीत पहिल्या येऊन डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी आपल्या जमातीसाठी राखलेल्या प्रदेशात परतल्या.

तिथे हजाराहून अधिक माणसांना त्या एकट्याच डॉक्टर होत्या. कच्च्या रस्त्यांवरून, हिवाळ्यातल्या बर्फातून, घोड्यावर किंवा टांग्यातून त्या घरोघर जात. क्षय, इन्फ्लुएन्झा, डोळ्यांचे विकार यांवर उपचार करत आणि त्याबरोबरच सरकारी कागद वाचून दाखवणे, अर्ज लिहून देणे, जमिनीच्या वाटपातली फसवणूक उघड करणे हीही कामे करत, कारण इंग्रजी आणि ओमाहा या दोन्ही भाषांत अधिकाराने बोलू शकणारे तिथे फार थोडे होते. प्रकृती ढासळल्याने १८९३ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली, पुढच्या वर्षी हेन्री पिकॉट यांच्याशी विवाह केला, दोन मुलगे झाले आणि मुलांना बरोबर घेऊनही त्यांनी रुग्णसेवा चालू ठेवली. दारूमुळे जमातीची होणारी दुर्दशा त्यांनी जन्मभर डोळ्यांनी पाहिली, पतीच्या व्यसनातून ती स्वतःच्या घरातही भोगली, आणि दारूबंदीसाठी त्या थेट वॉशिंग्टनपर्यंत गेल्या. १९१३ मध्ये वॉल्टहिल या गावी त्यांच्या प्रयत्नाने रुग्णालय उभे राहिले; दोनच वर्षांनी, १८ सप्टेंबर १९१५ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बॉडली यांनी १८८१ मध्ये संसार आणि व्यवसाय यांच्या संबंधाविषयी जो प्रश्न विचारला होता, त्याचे इतके सविस्तर उत्तर दुसऱ्या कोणत्या आयुष्याने दिले असेल असे वाटत नाही.

सबात इस्लामबुली यांच्याविषयी मात्र नोंदी त्रोटक आहेत. १८९० मध्ये पदवी घेऊन त्या दमास्कसला परतल्या, पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास, त्या कैरोत राहत असल्याचे माजी विद्यार्थिनींच्या यादीत दिसते आणि त्यापुढे महाविद्यालयाशी त्यांचा संपर्क तुटला. १८९० ते १९१९ हा काळ म्हणजे उस्मानी साम्राज्याच्या अखेरच्या हालअपेष्टांचा काळ. युद्ध, दुष्काळ आणि साथी यांनी सीरिया होरपळून निघाला होता, आणि अशा ठिकाणी पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या स्त्रीच्या हाताखालून किती रुग्ण गेले असतील, याची केवळ कल्पना करता येते. पत्राला उत्तर आले तरच नाव यादीत राहते, ही माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नोंदवहीची मर्यादा आहे. उत्तर देण्यास सवड असणाऱ्यांची, स्थिर पत्ता असणाऱ्यांची आणि सांगण्याजोगे यश पदरी असणाऱ्यांची आयुष्ये त्यात ठसठशीत उमटतात, आणि ज्यांना घर सोडून परमुलखात जावे लागले, त्यांची जागा कोरी राहते.

ही आयुष्ये एकत्र वाचली, की आनंदीबाईंच्या कथेचा भर थोडा बदलतो. मराठीत ती कथा पदवीपाशी शिखर गाठते आणि मृत्यूपाशी संपते. समुद्रपर्यटन, थंडी, परधर्मीयांचे दडपण आणि समाजाचा रोष या अडथळ्यांवर मात करून पदवी मिळवणे हाच जणू खरा पराक्रम होता, असे तिचे स्वरूप झाले आहे. तो पराक्रम होताच, परंतु ओकामी, ला फ्लेश आणि इस्लामबुली यांची वाटचाल सांगते, की कठीण काळ पदवीनंतर सुरू होत होता. मायदेशी राजदरबाराची प्रतिष्ठा आडवी येत होती, रुग्णांचा विश्वास संपादावा लागत होता, पगार तुटपुंजा होता, साधने अपुरी होती, आणि एकटीने शेकडो घरांचा भार वाहताना शरीर झिजत होते. कोल्हापुरात आनंदीबाईंच्या वाट्याला नेमके हेच आले असते. त्यांनी त्याला कसे तोंड दिले असते, हे कळले असते तर महाराष्ट्रातील स्त्रीवैद्यकाचा इतिहास अधिक समृद्ध झाला असता, आणि ती हळहळ त्यांच्या अकाली जाण्याच्या दुःखाहून वेगळी आहे.

तरीही त्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला अगदीच मिळाले नाही असे नाही. फिलाडेल्फियाच्या याच महाविद्यालयातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर पदवीधर झाल्या, आणि त्या मुंबईच्या होत्या असे म्हणता येईल, कारण १८९३ मध्ये परतल्यावर सलग तेवीस वर्षे त्यांनी मुंबईत वैद्यकी केली. त्या ख्रिस्ती होत्या. १८१३ पासून मराठी मुलखात काम करणाऱ्या ‘अमेरिकन मराठी मिशन’ या संस्थेच्या त्या डॉक्टर होत्या. स्त्रिया, मुले, दुष्काळाने निराधार झालेल्या मुली आणि ज्यांच्या स्पर्शालाही इतर वैद्य तयार नसत अशा जातींतील रुग्ण यांची सेवा त्यांनी केली. त्यांच्यावर मराठीत कादंबरी झाली नाही, नाटक झाले नाही, आणि पाठ्यपुस्तकांतही त्यांचे नाव क्वचितच येते. आनंदीबाईंना जे करायचे होते ते प्रत्यक्ष करणाऱ्या, त्यांच्याच महाविद्यालयातील या मराठी डॉक्टरणीचे मुंबईतील काम मिशनच्या इंग्रजी वृत्तांतांत आणि फिलाडेल्फियाच्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. ते कागद आता त्या शहरातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात, आनंदीबाईंच्या छायाचित्राबरोबरच, जतन करून ठेवले आहेत.